अस्वल-शिकार : शस्त्रनिवड व सुरक्षितता

मोठ्या अस्वलांची कायदेशीर शिकार करताना योग्य बंदूक व काडतूस निवडण्याचे आणि माणसाला धोका व प्राण्याला निष्कारण यातना होऊ नयेत अशा रीतीने ती वापरण्याचे नियम व संकेत. उत्तर अमेरिकेतील तपकिरी अस्वल (अर्सस आर्क्टॉस) हे याचे प्रमुख उदाहरण होय. अमेरिकेच्या अलास्का राज्यात त्याची शिकार परवान्याने करता येते. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांताने ग्रिझली अस्वलाच्या शिकारीवर २०१७ मध्ये बंदी घातली. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानुसार अस्वलाची शिकार करता येत नाही.

धोक्याचे स्वरूप : अलास्कातील कोडिअ‍ॅक बेटावरील मोठ्या नराचे वजन ६८० किग्रॅ.पर्यंत भरते. तपकिरी अस्वल थोड्या अंतरापुरते ताशी सु. ५५ किमी. वेगाने धावू शकते. म्हणजे ५० मी. अंतर तोडण्यास त्याला साडेतीन सेकंदही लागत नाहीत. त्याचे स्नायू जाड व हाडे भक्कम असतात. दाट केस व चरबी यांमुळे जखमेतील रक्त जमिनीवर फारसे सांडत नाही आणि घायाळ जनावराचा माग काढणे अवघड होते. झुडपांत दडलेले घायाळ अस्वल हा या शिकारीतील सर्वांत मोठा धोका समजला जातो.

शस्त्रनिवड : १९०६ मध्ये प्रचारात आलेले ·३०-०६ स्प्रिंगफील्ड (गोळीचा व्यास सु. ७·८ मिमी.) हे काडतूस जड व मजबूत गोळी वापरल्यास पुरेसे ठरू शकते. ·३३८ विंचेस्टर मॅग्नम (१९५८) व ·३७५ हॉलंड अँड हॉलंड मॅग्नम (१९१२) ही त्याहून शक्तिमान आहेत. ·३७५ ची नेहमीची जड गोळी सु. १९·४ ग्रॅ. वजनाची असते. गोळी आदळताच फुटून विखुरणारी नसावी. ती पसरूनही एकसंध राहून खोलवर शिरणे आवश्यक असते. मात्र शक्तीबरोबर खांद्याला बसणारा धक्काही वाढतो. त्या धक्क्याच्या भीतीने नेम चुकत असेल, तर मोठ्या रायफलीचा काहीच लाभ होत नाही. म्हणून ज्या रायफलीने शिकारी अचूक नेम धरू शकतो, अशा पुरेशा शक्तीच्या रायफलीची निवड करणे आणि शिकारीपूर्वी तिचा भरपूर सराव करणे हेच योग्य ठरते.

नेम व बार : अस्वल आडवे उभे असताना खांद्यामागील हृदय व फुप्फुसे यांचा वेध घेतात. कवटी जाड व उतरती असल्याने डोक्यावर नेम धरणे टाळतात. अंतर फार असल्यास, प्राणी स्पष्ट दिसत नसल्यास किंवा त्याच्या पलीकडे काय आहे हे ठाऊक नसल्यास बार न काढणे, हाच जबाबदार शिकाऱ्याचा निर्णय होय. पहिल्या बारानंतर अस्वल हालचाल करीत असेल, तर लगेच पुन्हा गोळी झाडतात. पडलेल्या अस्वलाजवळ काही वेळ थांबून, मागील बाजूने व रायफल सज्ज ठेवूनच जातात. कातडी काढताना एका सोबत्याने पहारा करावा लागतो, कारण मृत जनावराच्या वासाने इतर अस्वले तेथे येऊ शकतात. अस्वलाच्या मांसात ट्रायकिनेला हे परजीवी कृमी असण्याचा संभव असल्याने ते पूर्ण शिजवणे आवश्यक असते.

नियमन : अलास्कात तपकिरी अस्वलाचे बछडे व बछड्यांसह असलेली मादी यांना मारण्यास मनाई आहे. राज्याबाहेरील अमेरिकन शिकाऱ्याला परवानाधारक मार्गदर्शक किंवा राज्यातील रहिवासी असलेला जवळचा नातेवाईक सोबत घ्यावा लागतो.

संरक्षणाची मर्यादा : बंदूक जवळ असणे म्हणजे सुरक्षितता नव्हे. अलास्कातील १८८३ ते २००९ या काळातील २६९ प्रसंगांचा अभ्यास टी. एस. स्मिथ, स्टीफन हेरेरो व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. बंदूक वापरणारे व जवळ असूनही न वापरणारे यांच्या बाबतीतील परिणामांत त्यांना लक्षणीय फरक आढळला नाही. याउलट त्यांच्या २००८ च्या अभ्यासात मिरचीच्या अर्काच्या फवाऱ्याने तपकिरी अस्वलाचे उपद्रवी वर्तन ९२ टक्के प्रसंगी थांबल्याचे दिसून आले. अचानक आलेल्या अस्वलावर काही क्षणांत अचूक नेम धरणे बहुतेकांना साधत नाही, हे बंदुकीच्या मर्यादेचे एक कारण होय. त्यामुळे वाऱ्याची दिशा पाहणे, दाट झुडपे टाळणे, एकट्याने न हिंडणे व फवारा हाताशी ठेवणे यांचे महत्त्व शस्त्राइतकेच मानले जाते.