कोकणातले ज्यू, इस्रायलमधले भारतीय

परदेशी स्थायिक झाल्यावर स्वतःच्या राष्ट्रीयत्वाविषयीची भावना कशी पालटते, याचे मराठी मुलुखातले सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे बेने इस्रायल समाज. भारतात हे लोक ज्यू म्हणून ओळखले जात. इस्रायलमध्ये पाऊल ठेवल्यावर ते ‘होदी’ झाले. होदी म्हणजे हिब्रूत भारतीय. माणसे तीच होती, आडनावेही तीच होती. शेजारी मात्र बदलले होते.

या समाजाच्या परंपरेनुसार अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर एक जहाज फुटले आणि त्यातून वाचलेली सात जोडपी त्यांचे पूर्वज ठरली. कोकणात त्यांनी तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले. पेणकर, किहीमकर, रोहेकर, झिराडकर अशी आडनावे पडली, घरात मराठी आली, बायका लुगडे नेसू लागल्या. पुढे अनेक कुटुंबे मुंबईला आली आणि 1796 मध्ये तिथे या समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर उभे राहिले. एकोणिसाव्या शतकात तर बायबलमधल्या कथांवर मराठीतून कीर्तने होऊ लागली. एवढे सारे असताना ‘आपण भारतीय आहोत का’ हा प्रश्न कोणाला पडण्याचे कारणच नव्हते. शेजाऱ्यांपासून वेगळेपण होते ते धर्माचे, आणि जपायचा म्हणून जपला जात होता तोही धर्मच.

1948 मध्ये इस्रायल स्थापन झाले आणि 1950 च्या कायद्याने जगातल्या प्रत्येक ज्यूला तिथे येऊन राहण्याचा हक्क मिळाला. पुढच्या दोन दशकांत हजारो बेने इस्रायल तिकडे गेले. युरोपातल्या ज्यूंप्रमाणे त्यांना कोणी हाकलले नव्हते. भारतात ज्यू म्हणून छळ झाला नाही, ही गोष्ट हा समाज आजही कृतज्ञतेने सांगतो. त्यांना ओढून नेले ते श्रद्धेने, आणि काही प्रमाणात बदलत्या काळात नोकरीधंद्याचे काय होईल या चिंतेने.

तिथला अनुभव कडवट निघाला. बहुतेकांची रवानगी बीरशेबा, दिमोना, लोद, अश्दोद अशा नव्याने वसणाऱ्या किंवा आडबाजूच्या गावांत झाली. मुंबईत कारकुनी केलेल्यांना अंगमेहनतीची कामे मिळाली आणि रंगावरून हिणवले जात असल्याच्या तक्रारी वाढल्या. 1951 मध्ये बीरशेबातल्या काही कुटुंबांनी ‘आम्हाला भारतात परत पाठवा’ अशी मागणी करत तेल अवीवमध्ये धरणे धरले आणि 1952 मध्ये काही जण खरोखर परतले. यातले बरेच जण नंतर पुन्हा इस्रायलला गेले. त्यांना चंचल म्हणणे अन्यायाचे होईल. एका देशात धर्माची ओढ आणि दुसऱ्यात घराची, अशी ती ओढाताण होती.

मोठा घाव पुढे बसला. इस्रायलमध्ये ज्यूंची लग्ने धर्मपीठाच्याच हाती असतात. शतकानुशतके इतर ज्यूंपासून दूर राहिलेल्या या समाजाने घटस्फोट आणि विधवाविवाहाचे धर्मनियम पाळले असतील का, अशी शंका काढली गेली. 1962 मध्ये मुख्य धर्मपीठाने आदेश काढला, की बेने इस्रायल वधू किंवा वराचे दुसऱ्या समाजात लग्न लावण्यापूर्वी त्यांचे घराणे आई, आजी असे मागे मागे तपासावे. भारतात ज्यांच्या ज्यूपणाविषयी शेजाऱ्यांनी कधी शंका घेतली नव्हती, त्यांना ज्यूंच्याच देशात पुरावा मागितला गेला. समाज रस्त्यावर उतरला. 1964 च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये आंदोलन झाले आणि ऑगस्टमध्ये इस्रायलच्या संसदेने बेने इस्रायल सर्वार्थाने ज्यू आहेत असे जाहीर केले. धर्मपीठाने आदेशातून समाजाचे नाव काढले. संशय असेल तिथे तपासणी करण्याची तरतूद मात्र राहिली.

या लढ्याने दोन्ही ओळखी एकदमच पक्क्या केल्या. ज्यू म्हणून हक्क मिळाला, आणि जे नाव हिणवण्यासाठी चिकटवले गेले होते ते ‘भारतीय’ हे नाव समाजाने आपले मानले. पोहे, ओले खोबरे, गूळ आणि फळे मांडून एलियाहू हनबी या प्रेषिताच्या नावाने होणारा मलिदा तिथेही सुरू राहिला. लग्नाआधीची मेंदी राहिली. ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक निघू लागले, महाराष्ट्र दिन साजरा होऊ लागला. कोकणात असताना मराठीसाठी मासिक काढून ती टिकवण्याची या समाजाला गरज नव्हती. इस्रायलमध्ये ती पडली.

कायद्याला मात्र अशी दुहेरी भावना मान्य नाही. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. परदेशी नागरिकत्व स्वेच्छेने घेणाऱ्याचे भारतीय नागरिकत्व जाते. त्यातच भारत आणि इस्रायलमध्ये पूर्ण राजनैतिक संबंध 1992 मध्येच जुळले, त्यामुळे तोवर येणेजाणे अवघड होते. 2005 पासून भारतीय वंशाच्या लोकांना ‘ओसीआय’ कार्ड मिळू लागले. त्याने आयुष्यभर व्हिसाशिवाय येता येते, पण मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. परदेशी सैन्यात सेवा केलेल्यांना ते कार्ड मिळत नसे, आणि इस्रायलमध्ये तर लष्करी सेवा सक्तीची. ही अडचण दूर करण्याची घोषणा 2017 मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी तेल अवीवमध्ये केली.

तिथेच जन्मलेल्या पिढीची भाषा हिब्रू आहे. तिच्या भारतीयपणात हिंदी सिनेमाची गाणी जास्त आणि कोकण कमी, हे मराठी माणसाला खटकेल. पण आजीच्या तोंडची मराठी ऐकत वाढलेली मुले मोठी होऊन रायगड जिल्ह्यात येतात, आपल्या आडनावाचे गाव शोधतात आणि नवगावच्या जुन्या दफनभूमीत दगड ठेवून परततात.