बाणाईचं देऊळ गडाच्या अर्ध्या वाटेवरच का? देवाच्या घरातल्या भांडणाची गोष्ट

जेजुरीचा गड चढताना अर्ध्या वाटेवर बाणाईचं देऊळ लागतं. बरेच जण तिथे हात जोडतात, भंडारा उधळतात आणि पुढे निघतात. वर मुख्य देवळात खंडोबासोबत म्हाळसा आहे. दोघी एकाच देवाच्या बायका. मग एक वर आणि एक निम्म्या वाटेवर, असं का?

२०१४ साली सुरू झालेली ‘जय मल्हार’ मालिका ज्यांनी पाहिली, त्यांना उत्तर माहीत असेल. दोघींचं पटत नव्हतं, म्हणून देवाने दोन घरं केली. पण ही भांडणाची गोष्ट मालिकेच्या कितीतरी आधीपासून पुणे, सातारा, नगर, नाशिक भागात रात्र रात्र जागून गायली जाते. आणि आपल्या देवाच्या घरातलं भांडण असं चारचौघांत मांडणारे फक्त मराठी लोकच नाहीत. पुरीचा जगन्नाथ आणि श्रीरंगमचा रंगनाथ यांच्या घरातही दरवर्षी ठरलेल्या दिवशी भांडण होतं. त्यासाठी देवळाचं दार खरोखर बंद केलं जातं.

आधी जेजुरीचं भांडण समजून घेऊ

लोककथेप्रमाणे म्हाळसा ही नेवाशाच्या लिंगायत वाणी घरातली मुलगी. साताऱ्याजवळच्या पालीला पौष महिन्यात तिचं आणि खंडोबाचं लग्न लागतं. हा सोहळा तिथे आजही दरवर्षी होतो.

बाणाई मात्र धनगराची लेक. नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावजवळची चंदनपुरी तिचं गाव मानली जाते. गोष्ट अशी की खंडोबा आणि म्हाळसा सारीपाट खेळायला बसले. पैज लागली, देव हरला आणि बारा वर्षं घराबाहेर राहायची वेळ त्याच्यावर आली. तो वेश बदलून बाणाईच्या बापाकडे मेंढ्या राखायला चाकरीला राहिला. पुढे त्याने सगळी मेंढरं मारली आणि ‘लेक देत असाल तरच जिवंत करतो’ अशी अट घातली. बापाने लेक दिली. देव बाणाईला घेऊन जेजुरीला परत आला आणि भांडणाला तोंड फुटलं.

हे भांडण गातं कोण?

ज्यांचं कुलदैवत खंडोबा आहे, अशा घरांत लग्नानंतर जागरण घालतात. मुळशी-मावळापासून पुरंदरपर्यंत ही रीत नवी नाही. उसाची किंवा ज्वारीची पाच ताटं उभी करून मांडव करतात, दिवटी पेटवतात आणि वाघ्या-मुरळी रात्रभर खंडोबाच्या कथा गातात. तुणतुण्याच्या आणि दिमडीच्या साथीने चालणाऱ्या या रात्रीतला लोकांचा आवडता भाग म्हणजे म्हाळसा-बाणाईचं भांडण.

म्हाळसा बाणाईचं राहणं, खाणंपिणं, जात सगळं काढते. म्हाळसेच्या माहेरी मांस चालत नाही, बाणाईच्या माणसांत ते चालतं. बाणाईही मागे हटत नाही, आपल्या मेंढरांचं आणि रानातल्या मोकळ्या जगण्याचं कौतुक ऐकवते. मध्ये सापडतो तो देव, आणि ऐकणारे पोट धरून हसतात. नुकतंच लग्न झालेलं जोडपंही तिथेच बसलेलं असतं.

हे दोन बायकांचं भांडण की दोन समाजांचं?

खंडोबाला पाच बायका मानतात. वाण्याची म्हाळसा, धनगराची बाणाई, शिंप्याची रंभाई, माळ्याची फुलाई आणि पाचवी चांदाई. एकेक बायको म्हणजे एकेका समाजाचं देवाशी नातं. धनगर खंडोबाकडे पाहतो तेव्हा त्याला आपल्या घरचा जावई दिसतो. वाण्याचाही तो जावईच. जावयावर हक्क सांगता येतो, त्याला जाब विचारता येतो.

आता भांडण पुन्हा ऐकलं तर वेगळं कळतं. शेती-व्यापार करणारं गाव आणि मेंढरं घेऊन रानोमाळ फिरणारा धनगर यांच्यात एकमेकांबद्दल जो तिरस्कार आणि जी ओढ होती, ती दोघींच्या तोंडून बोलली जाते. शेवटी देव कुणालाच सोडत नाही. म्हणजे दोन्ही समाज देवाच्या घरात राहतात, फक्त पायरी वेगळी. महाराष्ट्रातल्या धनगरांचा अभ्यास करणारे जर्मन संशोधक गुंथर सोन्थायमर आणि ‘खंडोबा’ हा ग्रंथ लिहिणारे रा. चिं. ढेरे यांच्यामुळे खंडोबाच्या गोष्टींकडे असं समाजाचा इतिहास म्हणून बघायची सवय अभ्यासकांना लागली.

पंढरपुरातही रुसवा आहेच

विठ्ठल आणि रखुमाईचं नाव आपण एका दमात घेतो, पण पंढरपुरात दोघांचे गाभारे वेगळे आहेत. लोककथा सांगते की द्वारकेत राधेला कृष्णाच्या मांडीवर बसलेलं पाहून रुक्मिणी रुसली आणि दिंडीरवनात येऊन राहिली. तिला शोधत देव इथे आला आणि इथलाच झाला. पंढरपुरात वसंत पंचमीला दोघांचं लग्न थाटात लागतं, तरी गाभारे वेगळेच राहतात.

म्हणजे मराठी मुलुखात हा रुसवा गाण्यातून आणि देवळांच्या जागांमधून दिसतो. पूर्वेला आणि दक्षिणेला गेलं की त्याचं अख्खं नाटक होतं.

पुरीत लक्ष्मी दार लावून घेते

आषाढ शुद्ध द्वितीयेला जगन्नाथ भाऊ बलभद्र आणि बहीण सुभद्रा यांना घेऊन रथातून गुंडिचा मंदिरात जातो. बायको लक्ष्मी घरीच. दिवस जातात, नवरा येत नाही. मग हेरा पंचमीला लक्ष्मीची पालखी गुंडिचा मंदिरावर जाते. तिला पाहून आतले सेवक दार लावतात. संतापलेली लक्ष्मी जगन्नाथाच्या नंदीघोष रथाचं एक लाकूड तोडायला लावते आणि आडवाटेने घरी परतते.

याची परतफेड नीलाद्री बिजेच्या दिवशी होते. जगन्नाथ घरी येतो तेव्हा लक्ष्मी दार लावून घेते. दारात दोन्ही बाजूंच्या सेवकांची वादावादी होते. देव मनधरणी करतो, रसगुल्ला देतो, तेव्हा कुठे दार उघडतं. ओडिशाने रसगुल्ल्यावर हक्क सांगताना याच प्रथेचा दाखला दिला. २०१७ साली बंगालच्या रसगुल्ल्याला भौगोलिक मानांकन मिळालं होतं, २०१९ साली ओडिशाच्या रसगुल्ल्यालाही ते वेगळं मिळालं.

श्रीरंगमला मध्यस्थ लागतो

तमिळनाडूतल्या श्रीरंगमचा रंगनाथ पंगुनी महिन्यातल्या उत्सवात जवळच्या उरैयूरला कमलवल्लीकडे जाऊन येतो. उरैयूर ही चोळांची जुनी राजधानी आणि कमलवल्ली तिथली राजकन्या. तो परत येतो तेव्हा थोरली रंगनायकी त्याला दारातच अडवते. दार लागतं, आतून फुलं आणि लोणी फेकलं जातं, ‘कुठे होतास?’ म्हणून जाब विचारला जातो. शेवटी संतकवी नम्माळवार मध्यस्थी करतात. त्यानंतर दोघं शेजारी बसतात आणि वर्षातून त्याच एका दिवशी भक्तांना जोडीने दर्शन देतात.

इथेही रचना जेजुरीसारखीच आहे. दुसऱ्या गावची, दुसऱ्या घराण्याची बायको, थोरलीचा संताप आणि शेवटी तडजोड.

पण बायकोच्या बाजूने बोलतं कोण?

खरी बोच इथे आहे. पुरीत लक्ष्मीची बाजू पूर्वी माहारी, म्हणजे देवाशी लग्न लावलेल्या देवदासी मांडत. ती परंपरा आता संपली आहे. तिथल्या शेवटच्या माहारीचं २०२१ साली निधन झालं. जेजुरीची मुरळीसुद्धा मूळची देवाला वाहिलेली मुलगी, खंडोबाशीच लग्न लागलेली. मुंबई प्रांतात १९३४ च्या कायद्याने मुली देवाला वाहायला बंदी आली. आज जागरणात गाणाऱ्या मुरळ्या कलावंत म्हणून गातात.

म्हणजे म्हाळसा आणि बाणाईचं दुःख पिढ्यान्‌पिढ्या ज्या बायकांनी गायलं, त्या स्वतःही त्याच देवाच्या बायका म्हणवल्या जात. त्यांच्या वाट्याला मात्र ना वरचं देऊळ आलं, ना अर्ध्या वाटेवरचं. देवीचा राग चारचौघांत मांडायची मुभा त्यांना होती, स्वतःचा राग मांडायला जागा नव्हती.

या उत्सवांची ताकद आणि मर्यादा दोन्ही यात दिसतात. नवरा देव असला तरी त्याला दाराबाहेर उभं करता येतं, हे ते सगळ्या गावादेखत सांगतात. पण दार शेवटी उघडतंच, आणि रसगुल्ल्यावर किंवा दोन घरांवर भांडण मिटतं. वाद कायमचा सुटत नाही, म्हणून तर तो पुढच्या वर्षी पुन्हा होतो.

पुढच्या वेळी जेजुरीला जाल तेव्हा अर्ध्या वाटेवर दोन मिनिटं थांबा. धनगराच्या लेकीला देवाच्या घरात मिळालेली ती जागा आहे. ती निम्म्यातच का, हे भांडण जागरणात आजही चालू आहे.