गुणांमागील परिस्थिती आणि प्रवेशातील न्याय

दोन विद्यार्थ्यांचे गुण सारखे असले, तरी ते मिळविण्यासाठी दोघांना पडलेले कष्ट सारखे असतातच असे नाही. स्कॉटलंडमध्ये या वस्तुस्थितीची दखल विद्यापीठ-प्रवेशाच्या नियमांतच घेण्यात आली आहे.

श्रीमती रूथ सिल्व्हर यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने मार्च २०१६ मध्ये आपला अहवाल सादर केला. विद्यापीठांत प्रवेश घेणाऱ्यांपैकी २० टक्के विद्यार्थी २०३० पर्यंत सर्वांत वंचित अशा २० टक्के वस्त्यांमधील असावेत, हे त्यातील उद्दिष्ट होय. २०२१ पर्यंत १६ टक्के हा पहिला टप्पा २०१९-२० मध्येच गाठला गेला.

किमान गुणांची अट

यासाठी विद्यापीठे नेहमीच्या अटीबरोबरच वंचित विद्यार्थ्यांसाठी गुणांची किमान अट जाहीर करतात. अभ्यासक्रम यशस्वीपणे पूर्ण करण्यास जेवढी तयारी आवश्यक, तेवढीच ही अट असते. नेहमीची अट पुष्कळदा केवळ जागांपेक्षा अर्ज अधिक असल्यामुळे उंचावलेली असते. त्यामुळे या सवलतीने शिक्षणाचा दर्जा खालावतो, असे म्हणता येत नाही.

निकषाची मर्यादा

वंचित वस्ती ठरविण्यासाठी देशाचे ६,९७६ लहान विभाग पाडले असून उत्पन्न, रोजगार, शिक्षण, आरोग्य, सेवांची उपलब्धता, गुन्हे व घरे या सात बाबींवरून त्यांचा क्रम लावला जातो. परंतु डोंगराळ भागात व बेटांवर गरिबी विखुरलेली असते. तेथील गरीब कुटुंब सुस्थितीतील शेजाऱ्यांमुळे झाकले जाते, तर वंचित वस्तीतील एखाद्या सधन घरालाही सवलत मिळते. म्हणून केवळ पत्त्यावर विसंबणे पुरेसे नाही. शासनाच्या देखरेखीखाली वाढलेल्या मुलांनी किमान अट पूर्ण केल्यास त्यांना प्रवेश देऊ करण्याची हमी तेथील विद्यापीठांनी २०१९ मध्ये दिली, ती व्यक्तिगत परिस्थिती पाहूनच.

निर्णयात सुसंगती

परिस्थितीचा विचार करावयाचा म्हणजे मर्जीने निर्णय घ्यावयाचा, असे नव्हे. एकच अर्ज दोन अधिकाऱ्यांनी तपासला, तरी निष्कर्ष एकच निघाला पाहिजे. त्यासाठी निकष आधी जाहीर करणे, पुरावा पडताळणे, तपासणाऱ्यांना प्रशिक्षण देणे व निर्णयाची कारणे नोंदविणे आवश्यक ठरते. ब्रिटनमध्ये २००४ च्या श्वार्ट्झ अहवालानेही पारदर्शकता व विश्वसनीय मूल्यमापन यांवर भर दिला होता.

नाकारलेल्या विद्यार्थ्यालाही नकाराचे कारण समजले पाहिजे. सवलतीवरील समाजाचा विश्वास त्यावरच टिकून राहतो.