पॉलिएथिलीन ग्लायकॉल डायग्लिसिडिल ईथर

पॉलिएथिलीन ग्लायकॉल डायग्लिसिडिल ईथर हे दोन्ही टोकांना इपॉक्साइड गट असलेले, पाण्यात विरघळणारे सेंद्रिय संयुग आहे. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून त्याला 'पीईजीडीई' असे म्हणतात. बहुवारिकांच्या, म्हणजेच पॉलिमरच्या, सुट्या साखळ्या एकमेकींना रासायनिक बंधांनी जोडण्यासाठी त्याचा उपयोग होतो. अशा जोडणीला आडबंधन किंवा क्रॉसलिंकिंग म्हणतात. ही जोडणी पाण्यात व सौम्य तापमानाला घडवता येत असल्यामुळे प्रथिने आणि विकरे यांसारख्या नाजूक जैवरेणूंसाठी हे संयुग विशेष उपयुक्त ठरते.

रचना

या रेणूच्या मध्यभागी पॉलिएथिलीन ग्लायकॉलची लवचीक साखळी असते व तिच्या प्रत्येक टोकाला ग्लिसिडिल गट असतो. ग्लिसिडिल गटातील इपॉक्साइड वलय दोन कार्बन अणू आणि एक ऑक्सिजन अणू यांचे बनलेले असते. कार्बनचे चार एकेरी बंध एकमेकांशी सामान्यतः सुमारे १०९.५ अंशांचा कोन करतात. या त्रिकोणी वलयात मात्र तो कोन सुमारे ६० अंशांपर्यंत दबलेला असतो. त्यामुळे वलयात ताण निर्माण होतो आणि योग्य अभिकारक भेटताच ते उघडते.

मधल्या साखळीतील ऑक्सिजन अणू पाण्याच्या रेणूंशी हायड्रोजन बंध करतात, म्हणून हे संयुग पाण्यात विरघळते. बिस्फेनॉल-ए पासून बनवलेली नेहमीची इपॉक्सी रेझिने पाण्यात विरघळत नाहीत. दोहोंमधील हा महत्त्वाचा फरक आहे. साखळीतील प्रत्येक एककाचे वस्तुमान सुमारे ४४ असते. सरासरी रेणुवस्तुमान ५०० असलेल्या प्रकारात साधारण आठ ते नऊ एकके असतात. केवळ एक एकक असलेल्या संयुगाला एथिलीन ग्लायकॉल डायग्लिसिडिल ईथर म्हणतात व त्याचे रेणुवस्तुमान सुमारे १७४ असते.

निर्मिती

पॉलिएथिलीन ग्लायकॉल व एपिक्लोरोहायड्रिन यांच्या अभिक्रियेतून हे संयुग तयार करतात. उत्प्रेरकाच्या साहाय्याने प्रथम क्लोरोहायड्रिन हे मध्यवर्ती संयुग मिळते. त्यावर सोडियम हायड्रॉक्साइडची क्रिया केली असता हायड्रोजन क्लोराइड निघून जाऊन इपॉक्साइड वलय तयार होते आणि सोडियम क्लोराइड हे उपउत्पादन मिळते.

आडबंधनाची क्रिया

रेणूचे एक टोक एका साखळीला आणि दुसरे टोक दुसऱ्या साखळीला जोडले गेले की दोन साखळ्यांमध्ये पूल तयार होतो. असे अनेक पूल तयार झाल्यावर द्रावणाचे रूपांतर पाण्याने फुगणाऱ्या, पण पाण्यात न विरघळणाऱ्या जाळ्यात होते. या जाळ्याला हायड्रोजेल म्हणतात.

इपॉक्साइड कोणत्या गटाशी जोडले जाईल, हे मुख्यतः द्रावणाच्या पीएचवर अवलंबून असते. थायॉल गट सौम्य आम्लारिधर्मी द्रावणातच अभिक्रिया करतात. अमाइन गटांची अभिक्रिया पीएच ९ च्या आसपास चांगली होते, तर शर्करायुक्त बहुवारिकांतील हायड्रॉक्सिल गटांसाठी पीएच सामान्यतः ११ किंवा त्याहून अधिक ठेवावा लागतो. कार्बोक्सिल गटांशी अभिक्रिया झाल्यास एस्टर बंध तयार होतो.

प्रत्येक रेणूपासून पूल तयार होतोच असे नाही. कधी दोन्ही टोके एकाच साखळीला जोडली जातात, तर कधी एका टोकाचे पाण्यामुळे जलअपघटन होऊन ते निष्क्रिय होते. पुलांची संख्या वाढल्यास जेल घट्ट होते व कमी पाणी शोषते. आडबंधकाची साखळी लांब असल्यास जाळे अधिक सैल व लवचीक राहते.

उपयोग

जैवपदार्थ: कोलॅजेन, जिलेटिन, कायटोसॅन आणि हायल्युरॉनिक आम्ल यांची जेले बनवण्यासाठी या संयुगाचा वापर होतो. प्राणिज ऊती टिकवण्यासाठी ग्लुटारअल्डिहाइड दीर्घकाळ वापरले जाते. परंतु त्यामुळे ऊती ताठर होतात व त्यांत कॅल्शियम साचण्याची प्रवृत्ती वाढते. या अडचणींवर पर्याय म्हणून १९८० च्या दशकात जपानमधील संशोधकांनी कृत्रिम रक्तवाहिन्यांसाठी बहुइपॉक्सी संयुगांचा अभ्यास केला. चेहऱ्याच्या त्वचेखाली भरावयाच्या हायल्युरॉनिक आम्लाच्या जेलांत १,४-ब्युटेनडायॉल डायग्लिसिडिल ईथर हे याच कुळातील संयुग मोठ्या प्रमाणावर वापरले जाते.

ग्लुकोज संवेदक: ग्लुकोज ऑक्सिडेज या विकराचे क्रियाशील केंद्र प्रथिनाच्या आत खोलवर असल्याने त्यातील इलेक्ट्रॉन थेट इलेक्ट्रोडपर्यंत पोहोचत नाहीत. अमेरिकेतील ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठात अ‍ॅडम हेलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या सुमारास यावर उपाय शोधला. त्यांनी ऑस्मियमची संयुगे जोडलेले बहुवारिक व विकर यांना पीईजीडीईच्या साहाय्याने इलेक्ट्रोडवर एकत्र बांधले. या जेलमध्ये इलेक्ट्रॉन एका ऑस्मियम केंद्रावरून दुसऱ्याकडे जात इलेक्ट्रोडपर्यंत पोहोचतात. आडबंधनामुळे विकर शरीरद्रवात विरघळून जात नाही आणि अभिक्रिया सौम्य असल्याने त्याची क्रियाशीलताही टिकते. 'वायर्ड एंझाइम' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या तंत्राच्या पायावर दंडावर लावण्याचे ग्लुकोज संवेदक विकसित झाले. २०१४ मध्ये युरोपात उपलब्ध झालेला फ्रीस्टाइल लिब्रे हा त्यांपैकी एक असून त्याचा संवेदक १४ दिवस वापरता येतो. त्यामुळे मधुमेही व्यक्तींना दैनंदिन तपासणीसाठी वारंवार बोट टोचण्याची गरज बरीच कमी झाली.

सुरक्षितता

ज्या क्रियाशीलतेमुळे हे संयुग उपयुक्त ठरते, तीच त्याच्या धोक्याचेही कारण आहे. इपॉक्साइड गट प्रयोगशाळेतील प्रथिनांप्रमाणेच शरीरातील प्रथिनांशी आणि डीएनएशीही अभिक्रिया करू शकतात. संपर्कामुळे त्वचा व डोळ्यांची जळजळ होते, तसेच त्वचेची अ‍ॅलर्जी उद्भवू शकते. म्हणून हाताळताना हातमोजे व संरक्षक चष्मा वापरतात.

दोन्ही टोके उघडून बंध तयार झाल्यावर मात्र हा धोका उरत नाही. त्यामुळे शरीरात वापरावयाच्या पदार्थाची सुरक्षितता न जोडल्या गेलेल्या शेष रेणूंवर बरीचशी अवलंबून असते. असे पदार्थ वारंवार धुऊन शेष आडबंधक काढून टाकतात आणि त्याचे उरलेले प्रमाण अनुज्ञेय मर्यादेत असल्याची रासायनिक परीक्षणाने खात्री करून घेतात.