ईसीयू बदलला आणि इंजिन तापू लागलं

ईसीयू म्हणजे इंजिनाचा संगणक. इंधन किती, ठिणगी कधी, हे तो ठरवतो. बहुतेक आधुनिक गाड्यांत रेडिएटरचा विजेवरचा पंखाही रिलेमार्फत तोच चालू करतो. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणाऱ्या जुन्या पंख्याचा त्याच्याशी संबंध नसतो.

इंजिनाचं नेहमीचं तापमान : साधारण ९० ते १०५ अंश सेल्सिअस.

आधी पंखा. एसी लावला की बहुतेक गाड्यांत तो फिरतो. फिरत नसेल, तर फ्यूज आणि रिले तपासतात, मग मोटारीला थेट बॅटरीचा प्रवाह देतात. मोटार फिरली, तर दोष वायरिंगमध्ये, रिलेत किंवा ईसीयूच्या आदेशात.

सेन्सर. कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) तापमान-सेन्सरचा रोध तापल्यावर घटतो : २० अंशांना साधारण २,५०० ओहम, ८० अंशांना ३००च्या आसपास. वायर तुटली, की ईसीयूच्या हिशेबी भर मे महिन्यात उणे ४० अंश!

स्कॅनरवर दिसणारे दोषांचे कोड :

- पी०११८ : सेन्सरचं सर्किट तुटलेलं
- पी०११७ : तेच सर्किट शॉर्ट
- पी०४८० : पंख्याचं सर्किट

पार्ट नंबर. नव्या ईसीयूचं खोकं तेच, प्लग तोच, तरी सॉफ्टवेअर दुसऱ्या मॉडेलचं असू शकतं. पंखा कोणत्या तापमानाला सुरू करायचा, पंखे एक की दोन, हे त्यातच ठरलेलं असतं.

ईसीयूशी संबंध नसलेले निव्वळ योगायोग : गळती, अडकलेला थर्मोस्टॅट, कूलंटमध्ये अडकलेली हवा. स्कॅनरवर ९२ अंश आणि काटा लाल पट्ट्यात असेल, तर संशय मीटरवर.

झाकण : दाबामुळे कूलंट १०० अंशांवरही उकळत नाही. गरम रेडिएटरचं झाकण काढताच तो उसळून बाहेर येतो.