एका संगणकावर अनेक पायथन

पायथन या संगणकभाषेत सातास दोनांनी भागण्याची आज्ञा दिली, तर तिच्या दुसऱ्या पिढीत उत्तर ३ मिळते आणि तिसऱ्या पिढीत ३.५, लिहिलेला मजकूर मात्र दोन्हीकडे अक्षरशः एकच असतो. व्याजाचा हिशेब करणारी एखादी आज्ञावली जुन्या आवृत्तीवर विसंबून लिहिली असेल आणि नव्या आवृत्तीवर चालवली गेली, तर ती कोणतीही तक्रार न करता निराळा आकडा देईल, आणि तो आकडा ज्याच्या दप्तरी जमा होईल त्याला चूक कोठे झाली याचा पत्ताही लागणार नाही. म्हणून संगणकावर कोणत्या आवृत्तीचा अंमल चालू आहे, हा प्रश्न त्याच्या उत्तरावर विश्वास ठेवणाऱ्या प्रत्येकाच्या हिताचा आहे.

ग्वीडो व्हान रॉसम यांनी ॲम्स्टरडॅम येथे निर्माण केलेली ही भाषा १९९१ साली प्रथम लोकांपुढे आली. पुढील सतरा वर्षांत साचलेले दोष दूर करावयाचे, तर जुन्या आज्ञावलींशी काही ठिकाणी फारकत घेण्यावाचून गत्यंतर नाही, असे ठरवून २००८ च्या डिसेंबरात तिसरी पिढी प्रसिद्ध झाली. परंतु जगभर पसरलेला जुना संभार एकाएकी बदलणे अशक्य असल्याने दुसऱ्या पिढीतील २.७ या आवृत्तीस दुरुस्त्यांसाठी दिलेली २०१५ ची मुदत १ जानेवारी २०२० पर्यंत वाढवावी लागली. आता दरवर्षी ऑक्टोबरात नवी आवृत्ती येते आणि प्रत्येकीस सुमारे पाच वर्षे सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात. त्यामुळे अनेक आवृत्त्या एकाच यंत्रावर नांदविण्याची पाळी आज ना उद्या येतेच.

अशा वेळी नवशिक्याच्या मनात प्रथम येतो तो जुनी काढून नवी बसविण्याचा विचार, आणि नेमका तोच घातक होय. लिनक्स या संगणकव्यवस्थेच्या अनेक वितरणांत व्यवस्थेची स्वतःची कामे पायथनवर चालतात. त्यांपैकी सेंटओएस ७ मध्ये सॉफ्टवेअर बसविणारे यम हे साधन पायथन २ वर अवलंबून होते. ज्यांनी ‘पायथन’ या नावामागे तिसरी पिढी उभी केली त्यांचे यमच बंद पडले, म्हणजे दुरुस्तीसाठी ज्याच्याकडे धाव घ्यावी तेच निकामी झाले. २०२३ साली आलेल्या डेबियन १२ ने तर व्यवस्थेच्या पायथनमध्ये, तयार आज्ञावलींचे संच म्हणजे लायब्ररी बसविणाऱ्या पिप या साधनाद्वारे, परस्पर भर घालण्यास मनाईच केली. व्यवस्थेची आवृत्ती व्यवस्थेसाठी राखावी आणि आपल्या कामासाठी निराळी तजवीज करावी, हा येथला पहिला दंडक.

ही तजवीज करणारे पायएन्व्ह हे मोफत साधन साध्या युक्तीवर उभे आहे. आपण ‘पायथन’ असे टंकून एंटर दाबले, की संगणक पाथ नावाच्या यादीतील फोल्डर क्रमाने धुंडाळतो आणि त्या नावाची जी फाईल प्रथम सापडेल ती चालवतो. पायएन्व्ह या यादीच्या अग्रभागी आपला फोल्डर ठेवते, आणि त्यातला ‘पायथन’ देवडीवरच्या कारकुनाचे काम करतो: आपण ज्या फोल्डरात आहोत तेथे, आणि तेथे नसल्यास त्याच्या वरच्या फोल्डरांत, तो आवृत्तीची नोंद असलेली छोटी फाईल शोधतो, आणि तीत ३.८.१८ लिहिले असेल तर काम तिकडे, ३.१२.४ असेल तर तिकडे रवाना करतो. साऱ्या आवृत्त्या वापरणाऱ्याच्या खासगी फोल्डरात बसत असल्याने मूळ व्यवस्थेस धक्का लागत नाही. आवृत्ती एकच असूनही दोन कामांना एखाद्या लायब्ररीची भिन्न रूपे हवी असतील, तर प्रत्येक कामाचे दालन वेगळे करणारी व्हेन्व्ह ही सोय २०१२ च्या ३.३ पासून पायथनमध्येच अंतर्भूत आहे.

मुदत संपलेल्या आवृत्तीस सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नाहीत. तेव्हा तिच्यावरचे काम शक्य तितक्या लवकर नव्या आवृत्तीवर न्यावे, आणि न्यावयाच्या आधी दोन्हींची उत्तरे ताडून पाहावीत. आणि आज्ञावली लिहिणाऱ्या प्रत्येकास एक विनंती: आवृत्तीचा अंक हा आज्ञावलीचाच भाग मानून पहिल्याच दिवशी तो तिच्यासोबत नोंदवावा, कारण पुढे ती चालविणाऱ्या परक्या माणसाला विचारण्यासाठी आपण तेथे असूच असे नाही.