तारपा, यांत्रिक ढोल आणि साइडचेन

मोखाडा तालुक्यातील सूर्यमाळ आणि शेजारचा जव्हारचा डोंगरपट्टा येथील आदिवासी समाजांत भाताची कापणी आटोपली की तारपा घुमू लागतो, हे वाचकांस ठाऊक असेलच. भोपळा, बांबूच्या दोन नळ्या व ताडाच्या पानांचा कर्णा यांनी हे वाद्य सिद्ध होते. वादक गालांत हवा साठवून नाकाने श्वास घेत राहतो, त्यामुळे नाद कोठेही तुटत नाही. अलीकडे हा नाद ध्वनिमुद्रित करून संगणकावर रचलेल्या ढोलाच्या ठेक्यावर बसविण्याची हौस वाढली आहे. अशा मिश्रणासाठी इलेक्ट्रॉनिक संगीतात साइडचेन नावाची जी युक्ती सर्रास योजली जाते तिचे स्वरूप पाहावे, आणि तारप्याच्या बाबतीत ती कोठवर ग्राह्य मानावी याचा विचार करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मूळ अडचण श्रवणाची आहे. दोन ध्वनी एकाच वेळी एकाच कंप्रतापट्ट्यात आले, की बलवान ध्वनी दुर्बलास झाकून टाकतो. ढोलाच्या यांत्रिक ठोक्याचे स्थूलमानाने दोन भाग असतात : सुमारे 50 ते 100 हर्ट्‌झच्या आसपासचा जाड धक्का, आणि आरंभीचा, 2000 ते 4000 हर्ट्‌झच्या परिसरातील क्षणिक ‘टक्’. ठोका नेमका केव्हा पडला हे कानाला प्रामुख्याने या दुसऱ्या भागावरून कळते. तारप्याच्या जिभलीतून निघणारा नाद उपस्वरांनी भरलेला असल्याने तो हाच भाग व्यापतो. ढोलाचा आवाजच वाढवावा म्हटले, तर अंकीय ध्वनिमुद्रणात बेरजेला कमाल मर्यादा असते; ती ओलांडताच ध्वनी फाटतो.

तेव्हा ढोल चढविण्याऐवजी ठोक्याच्या क्षणापुरता तारपा उतरवावयाचा. हे काम कॉम्प्रेसर करतो. सामान्यतः कॉम्प्रेसर ज्या ध्वनीवर बसविलेला असतो त्याचीच पातळी मोजतो व ती ठरावीक उंबरठ्याच्या वर गेली की त्यालाच दाबतो. 4:1 हे प्रमाण ठेवले, तर उंबरठ्याच्या 8 डेसिबल वर गेलेला ध्वनी केवळ 2 डेसिबल वर उरतो. साइडचेनमध्ये मोजमाप एका ध्वनीचे होते आणि दाब दुसऱ्यावर पडतो. मराठीच्या अभ्यासकास यात नवल वाटू नये. ‘त्याने आंबा खाल्ला’, ‘त्याने भाकरी खाल्ली’ या वाक्यांत खाणारा एकच असूनही क्रियापद कर्माच्या लिंगाप्रमाणे रूप पालटते; त्याचप्रमाणे येथे तारप्याची पातळी तारप्याच्या नव्हे, ढोलाच्या आज्ञेने पालटते. (‘पार्श्वसाखळी’ असा प्रतिशब्द घडविण्याचा मोह होतो, पण ध्वनिमुद्रणाच्या खोलीत तो कोणी उच्चारणार नाही.)

या कल्पनेचा उगम नृत्यसंगीतात नाही. 1930 च्या दशकात हॉलिवुडच्या एमजीएम संस्थेतील ध्वनिप्रमुख डग्लस शीरर यांनी बोलपटांतील ‘स’, ‘श’ या ऊष्म वर्णांचा बोचरेपणा कमी करण्यासाठी तिचा उपयोग केल्याचे सांगतात. तेथे ध्वनीचा ऊष्म भागच नियामक होता. निवेदक बोलू लागताच पार्श्वसंगीत खाली जावे, ही नभोवाणीतील परिचित सोयही याच कुळातली. पुढे दोष झाकण्याची ही युक्ती अलंकार झाली : एरिक प्रिड्झ यांच्या 2004 च्या ‘कॉल ऑन मी’ या ध्वनिमुद्रिकेत प्रत्येक ठोक्यागणिक सगळे संगीत धापा टाकल्यासारखे खालीवर होते.

तारप्यास ही धाप मानवत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. अखंड श्वास साधण्यासाठी वादकाने घेतलेले श्रम मिनिटाला 120 ठोक्यांच्या गतीत दर अर्ध्या सेकंदाला कापले जातात. म्हणून संपूर्ण नाद न दाबता 2000 ते 4000 हर्ट्‌झचा पट्टाच 2–3 डेसिबलने उतरवावा. दाब एक-दोन मिलिसेकंदांत लागू व्हावा आणि सुमारे 60–80 मिलिसेकंदांत सुटावा, म्हणजे कानास खाच जाणवत नाही. ठोक्याचा जाड धक्का वेगळ्या पट्ट्यात असल्याने त्याची चिंता तारप्यापेक्षा बास वाद्याच्या संदर्भात अधिक करावी लागते. तेथे मात्र साइडचेन हात सैल सोडून वापरावी.

परंतु प्रश्न केवळ श्रवणाचा नाही, अधिकाराचाही आहे. तारपानृत्यात नर्तक वादकाभोवती फिरतात आणि त्याने चाल बदलली की पावले बदलतात. नियामक तारपाच असतो. मग साखळी उलटी जोडून ढोलालाच तारप्याच्या अधीन का करू नये? केल्यास निष्पन्न काही होत नाही. नाद अखंड असल्याने उंबरठा कायमचा ओलांडलेला राहतो आणि ढोल एकसारखा दबलेला राहतो. आज्ञा देण्यासाठी नियामकात खंड हवा, आणि तारप्याचे वैशिष्ट्यच खंड नसणे हे आहे.

यावर इलेक्ट्रॉनिक संगीतकारांचीच एक रीत उपयोगी पडते. ऐकू न जाणारा ठोका वेगळ्या पट्टीवर ठेवून त्याच्याकडे नियमन सोपवितात. तारप्याची चाल जेथे बदलते तेवढ्याच जागी असे मूक ठोके मांडावेत व त्यांनी ढोल एक-दोन मात्रांपुरता 5–6 डेसिबल खाली न्यावा, म्हणजे नवी चाल आधी कानावर पडेल आणि ढोल मागून येईल. या जागा यंत्रास आपोआप ओळखता येत नाहीत. चाली जाणणाऱ्या माणसास शेजारी बसवून, ध्वनिमुद्रण ऐकत, त्या हातानेच नोंदवाव्या लागतात.